माझं काही अडत नाही

७ फेब्रुवारी

मागची नोंद लेक वसतिगृहात राहायला गेली त्या दिवसाची आहे. त्यानंतरची पानं कोरी. वहीची माफी मागणं हास्यास्पद आहे, तरी मागते. इतके महिने लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि घडलं तेव्हा पेन उचलवेना. हे कारण पुरेसं नाही, पण खरं आहे.

माझ्या नवऱ्याला, सरला, कॅन्सर आहे.

वाक्य लिहून पाहिलं. चुकीचं नाही, पण अपुरं आहे. नीट लिहायचं तर असं: प्रोस्टेटचा, लवकर सापडलेला, ग्रंथीच्या बाहेर न गेलेला. तो पोहायला शिकवतो त्या तलावावरच्या सगळ्या प्रशिक्षकांची दरवर्षी तपासणी होते. तीत रक्तातला एक आकडा वाढलेला निघाला. मग सुयांनी तुकडे काढले, त्यातल्या दोन-तीन तुकड्यांत तो सापडला. त्रास म्हणाल तर काही नाही. त्रेपन्नाव्या वर्षी तो अजून पोरांच्या आधी पाण्यात उडी मारतो.

डॉक्टर सावकाश बोलणारे आहेत. म्हणाले, "तीन रस्ते आहेत आणि तुमच्या बाबतीत तिन्ही योग्य आहेत." पहिला म्हणजे आत्ता काहीच करायचं नाही, फक्त नजर ठेवायची. ठरावीक काळाने रक्त तपासायचं, वर्षाने पुन्हा सुया, आणि वाढतोय असं दिसलं तर मग उपचार. दुसरा म्हणजे ऑपरेशन करून ग्रंथी काढून टाकायची. तिसरा रेडिएशन. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा काही काळ जातो, काहींचा पुरता परत येत नाही. आणि नवराबायकोच्या संबंधांच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून असतात. त्या वाचवायचा प्रयत्न करतात, हमी देत नाहीत. रेडिएशनने तेच होतं, पण हळूहळू, काही वर्षांत. "घाई नाही. महिनाभर विचार करा. दोघांनी मिळून करा."

सर भिंतीवरच्या चित्राकडे बघत होता. बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाला, "मराठीत याला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात म्हणे. उच्चारतानाच माणूस आजारी पडेल." दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "आयुष्यभर पोरांवर ओरडलो, पाण्यात लघवी करायची नाही. आता पोरं माझ्यावर ओरडणार."

मी हसले. रिक्षात बसेपर्यंत विचार करत होते, हसायला हवं होतं का.

('सर' का, ते पुढे कधी ही वही कुणाच्या हाती लागली तर कळावं म्हणून. मला पोहायला त्यानेच शिकवलं. लग्नानंतर 'तुम्ही' सुटलं, 'सर' राहिलं.)

९ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी सरने विचारलं, "मग? काय करायचं?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?"

"आलं कोर्ट." त्याने कप खाली ठेवला. "न्यायमूर्ती, आरोपीचं म्हणणं एवढंच की तुमचं मत सांगा."

"माझं मत महत्त्वाचं नाही, सर. शरीर तुझं आहे."

"शरीर माझं आहे," तो म्हणाला, "हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीतच नव्हतं."

मग टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाचं काम करताना एक नियम अंगात मुरतो. पारडं आपल्या हाताने झुकवायचं नाही. समोर नवरा-बायको बसलेले असतात, दोघंही आपल्या तोंडाकडे बघत असतात. भुवई जरी वर गेली तरी एकाला वाटतं आपण जिंकलो. म्हणून प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही. मी हे काम चांगलं करते असं म्हणतात.

उद्या मी 'नजर ठेवू' म्हणाले आणि आजार पसरला, तर? 'कापून टाक' म्हणाले आणि तो पाण्याबाहेरचा माणूस झाला, तर? दोन्हीकडे माझा शब्द त्याच्या अंगावर कोरला जाईल. म्हणून गप्प राहायचं. हा भित्रेपणा की सचोटी? निम्म्याहून जास्त सचोटी आहे असं वाटतं. उरलेल्याबद्दल आज लिहीत नाही.

१३ फेब्रुवारी

आक्का आल्या होत्या. सरच्या मोठ्या बहिणीला त्रेपन्न वर्षांचा सर अजून 'छोट्या' आहे.

"छोट्या, घरात साप निघाला तर आपण त्याच्यावर नजर ठेवतो का? ठेचतो ना?"

"आक्का, हा साप पेंगतोय. डॉक्टर म्हणतात, जन्मभरसुद्धा पेंगेल."

"आणि उठला म्हणजे?"

"तुला हाक मारीन. काठी घेऊन ये."

"मस्करी सुचतेय. कापून टाक आणि मोकळा हो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू काय मिठाची गुळणी धरून बसलीस? तुझा नवरा आहे ना?"

मी म्हटलं, "आक्का, निर्णय त्याचा आहे. तो जे ठरवेल त्याच्या पाठीशी मी उभी आहे."

"पाठीशी उभी राहिलीस तर त्याला दिसणार कशी?" आक्का म्हणाल्या.

सर मोठ्याने हसला. मला वाक्य आवडलं, लिहून ठेवावंसं वाटलं. आक्कांच्या बोलण्यात असा फटकारा असतो. लेकीचाही फोन आला. तिने वाचून-वाचून डोकं फिरवून घेतलं आहे. "आई, तू सांग ना बाबाला काय ते. तो तुझंच ऐकतो." मी तिला म्हटलं, म्हणूनच सांगत नाही.

१६ फेब्रुवारी

आज कोर्टातून लवकर सुटले म्हणून तलावावर गेले. कितीतरी दिवसांनी. क्लोरीनचा तोच वास, ओल्या फरशीवर तेच अनवाणी पायांचे आवाज, आणि छताला आपटून परत येणारी सरची शिट्टी.

उथळ भागात तो एका सत्तरीच्या गृहस्थांना तरंगायला शिकवत होता. आपल्याला 'कासव' म्हणा, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. ते उताणे, आणि सरचा तळवा त्यांच्या पाठीखाली. सरच्या तलावावर पद्धत अशी की शिकणारा स्वतः 'हात काढा, सर' म्हणेपर्यंत हात काढला जात नाही. कुणी पहिल्या दिवशी म्हणतो, कुणी महिन्याने. मी दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते.

कासवांनी डोळे घट्ट मिटून म्हटलं, "हात काढा, सर."

सरने हात काढला नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले. तरी नाही.

घरी येताना मी विचारलं, ते म्हणत होते तर का नाही काढलास?

"तोंड म्हणत होतं. मान म्हणत नव्हती. मान ताठ होती." तो म्हणाला. "तोंडावर विश्वास ठेवायचा नाही पाण्यात. बुडतं माणूस."

रस्त्यात गोळ्या-बिस्किटांच्या दुकानासमोर थांबून म्हणाला, "तू दुसऱ्या दिवशी म्हणालीस तेव्हा मान सैल होती तुझी. म्हणून काढला. पुढे मला फार वाईट वाटलं."

"का?"

"अजून आठवडाभर तरी हात ठेवायला मिळाला असता."

चोवीस वर्षांनी हे कळलं!

२० फेब्रुवारी

दुपारी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून लिहिते आहे. घरी लिहायला नको वाटलं.

प्रामाणिकपणे: मला सर हवा आहे. आहे तसा, सगळाच्या सगळा. तो तलावावरून येतो तेव्हा केस ओले असतात आणि थंडगार हात माझ्या मानेवर ठेवतो, मी किंचाळते, तो हसतो. लेक गेल्यापासून रविवारची दुपार आमची असते. शेचाळिसाव्या वर्षी हे परत मिळेल असं वाटलं नव्हतं. याहून जास्त लिहीत नाही. लेक कधीतरी ही वही वाचेल.

त्यामुळे 'नजर ठेवू' हे जे माझ्या मनात येतं, ते आजाराबद्दलचं मत आहे की रविवारच्या दुपारबद्दलचं? मला वेगळं करता येत नाही. तांदूळ-खडे एकत्र झाले आहेत. आणि जिथे आपला स्वार्थ गुंतलेला आहे तिथे आपण मत द्यायचं नाही. प्रकरण ओळखीच्या माणसाचं निघालं तर मी फाईल दुसऱ्याकडे सोपवते. इथे कुणाकडे सोपवणार? निदान तोंड तरी बंद ठेवता येतं.

२५ फेब्रुवारी

सर म्हणाला, "मला वाटतं, नजर ठेवायची." भांडी विसळताना, पाठमोरा असताना म्हणाला. "रेडिएशन काही मनात बसत नाही. ऑपरेशन करायचंच झालं तर वर्षाने करू. अजून पाण्यात उतरायचंय मला. आणि..." नळ बंद केला, माझ्याकडे बघितलं, "...बाकीचंही आहे."

माझ्या पोटात एकदम ऊब आली. आणि लगेच शंका. हे 'बाकीचं' तो माझ्यासाठी म्हणतो आहे का? मला वाईट वाटू नये म्हणून जिवाशी खेळतो आहे का? तसं असेल तर ते माझ्यामुळे होतंय, मी तोंड न उघडतासुद्धा. पारडं झुकलं आहे, आणि वजन माझं आहे.

ते काढून घ्यायला हवं.

२७ फेब्रुवारी

बोलले. सकाळपासून वाक्य मनात जुळवत होते.

सर जेवणाच्या टेबलाशी पोरांच्या पोहण्याच्या चष्म्यांचे पट्टे बदलत बसला होता. हे काम तो नेहमी स्वतः करतो, पट्टा सैल असला की पोरं पाण्यात रडतात म्हणून. मी समोर बसले. म्हटलं, "सर, एक सांगायचंय. निर्णय घेताना माझा विचार अजिबात करू नकोस. ते बाकीचं जे म्हणालास ना, त्याच्यावाचून माझं काही अडत नाही."

त्याने पट्टा ओढला. तो तुटला.

"काही अडत नाही?"

"खरंच नाही. तू त्या ओझ्याखाली ठरवू नयेस एवढंच मला वाटतं."

"नक्की?"

"नक्की."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. चेहऱ्याकडे नाही, थोडं खाली, गळ्याकडे. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस," आणि दुसरा पट्टा घेतला.

मला हलकं वाटतंय. खोटं बोलले, हे खरं. पण कुणाच्या भल्यासाठी आपला हक्क सोडणं याला खोटं म्हणावं का? आता त्याच्यासमोर फक्त त्याचं शरीर आहे. तो मोकळेपणाने ठरवू शकेल.

१ मार्च

रविवार. सर दुपारी तलावावर गेला. रविवारी तलाव बंद असतो. पाणी तपासायचं होतं म्हणाला.

मी कपाट आवरलं.

३ मार्च

"ऑपरेशन करू," सर म्हणाला. "कापून टाकू, विषय संपवू. आक्का म्हणते तेच बरोबर आहे."

मला धक्का बसला. मी तो दाखवला नाही. विचारलं, "परवापर्यंत तर नजर ठेवायचं म्हणत होतास. काय बदललं?"

"सांभाळून ठेवण्यासारखं काय आहे त्यात?" तो हसत म्हणाला. "अक्रोडाएवढी तर ग्रंथी."

"भीती वाटतेय का तुला? वाटली तर चालेल."

"कोर्ट, आता निकाल लागलाय."

कारण मला पटत नाही, पण कारण मला पटलंच पाहिजे असं कुठे आहे? माणसाच्या मनात मृत्यूची भीती हळूहळू वर येते. नजर ठेवायची म्हणजे रोज उठून ती भीती बघायची. त्याला ते झेपलं नसतं. असंच असणार. मी त्याला जागा दिली म्हणून तो स्वतःच्या भीतीशी प्रामाणिक होऊ शकला. हे वाक्य लिहून झाल्यावर मला रडू आलं. का, ते कळलं नाही.

६ मार्च

आज एक जोडपं होतं, पन्नाशीच्या आसपासचं. अर्ज नवऱ्याचा. बायको पहिल्यापासून शांत, नीटनेटकी, प्रत्येक प्रश्नाला "त्यांची जी इच्छा". माझ्या मनात आलं, समजूतदार बाई आहे.

शेवटी तो माणूस खुर्चीतून उठला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, "मॅडम, मला घटस्फोट नकोच होता हो! मी एकदा रागाने म्हणालो, वेगळं होऊ. ही म्हणाली, 'तुमची मर्जी.' आता मर्जी म्हटल्यावर मी काय करणार होतो?"

बायको म्हणाली, "मी तुमच्या आड आले नाही, हा माझा गुन्हा?"

"हो!" तो म्हणाला. "हो, तोच!"

मी दोघांना पुढची तारीख दिली. विचित्र प्रकरण. रागाने अर्ज करतात आणि दोष दुसऱ्याच्या समजूतदारपणाला देतात. घरी येऊन सरला सांगितलं, त्याला गंमत वाटेल म्हणून. तो म्हणाला, "बिचारा," आणि पेपर वाचत राहिला.

११ मार्च

डॉक्टरांनी पुन्हा सगळं समजावलं. "अजूनही नजर ठेवायला हरकत नाही, बरं का. ऑपरेशनही योग्यच आहे. पण तुमचं मन बदललं तर शेवटच्या दिवसापर्यंत सांगा." मग माझ्याकडे वळून, "आणि तुमचं काय म्हणणं?"

सर माझ्याकडे बघत होता. तसा तो सहसा लोकांसमोर बघत नाही.

मी म्हटलं, "मी त्याच्या निर्णयासोबत आहे."

"ते झालंच," डॉक्टर म्हणाले. "मी तुमचं विचारलं."

"माझं वेगळं असं काही म्हणणं नाही."

सरने पेन उचललं आणि सही केली. त्याची सही नेहमी फर्राटेदार असते, आज शाळेतल्या मुलासारखी आली.

१७ मार्च

उद्या दाखल व्हायचं. संध्याकाळी तलाव बंद झाल्यावर सर म्हणाला, "चल ना. आज दोघंच पोहू."

मी त्याच्याकडे बघितलं. उद्यानंतर किती महिने पाण्यात उतरायला मिळणार नाही, हे त्याला माहीत आहे. हा त्याचा आणि पाण्याचा निरोप. त्यात मी लुडबुड करू नये असं वाटलं. म्हटलं, "तू जा, सर. आजचा वेळ तुझा आहे. मी मध्ये येत नाही."

तो दारात उभा होता, टॉवेल खांद्यावर.

"तू कधीच मध्ये येत नाहीस," तो म्हणाला.

मला ते कौतुक वाटलं. आत्ता लिहिताना तितकी खात्री वाटत नाही.

२१ मार्च

ऑपरेशन नीट झालं. नसा जमतील तेवढ्या वाचवल्या, असं डॉक्टर म्हणाले. 'जमतील तेवढ्या' या शब्दांवर मी दोन दिवस बसून आहे. सर गुंगीत होता तेव्हा तलावावरच्या कुणाला तरी "मान सैल सोड, मान" म्हणत होता.

५ एप्रिल

लघवीची नळी काढली. सर घरी आहे. पॅड वापरावे लागतात. त्याने पहिल्या दिवशी थट्टा केली, "लेकीला लहानपणी मी बांधायचो, आता माझी पाळी." दुसऱ्या दिवशी केली नाही. खोकला आला तरी ओलं होतं. खुर्चीवरून उठण्याआधी तो एक क्षण थांबतो, जसं कुणी खोल पाण्यात उडी मारण्याआधी थांबतं.

त्याने लेकीच्या खोलीत अंथरूण घातलं आहे. रात्री चारदा उठावं लागतं, तुझी झोप मोडते, म्हणाला. उशी काखेत घेऊन गेला. मी म्हटलं, "तुला जसं सोयीचं." लेकीचा पलंग त्याला आखूड पडतो. पाय बाहेर राहतात.

१८ मे

काढलेल्या ग्रंथीची तपासणी पूर्ण झाली. सगळं आतच होतं, कडा स्वच्छ. रक्तातला आकडा जवळजवळ शून्य. डॉक्टर खूश. आक्का फोनवर रडल्या. लेक तर तिथे वसतिगृहात नाचली म्हणे.

मी डॉक्टरांना एकटीने विचारलं, नजर ठेवली असती तर?

"कदाचित वर्षानुवर्षं काही झालं नसतं. कदाचित पुढच्या वर्षी ऑपरेशन करावं लागलं असतं. आता ते कळायला मार्ग नाही." मग म्हणाले, "मार्ग नाही हे बरंच असतं."

सर बरा झाला आहे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. चुकीचं नाही.

तो तलावावर जायला लागला आहे, पण काठावरून शिकवतो. शिट्टी, हातवारे. पाण्यात उतरत नाही. कासवांना आता दुसरा प्रशिक्षक तरंगवतो. परवा स्वयंपाकघरात मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो चटकन बाजूला झाला, जणू गरम भांडं लागलं. "सॉरी," तो म्हणाला. सॉरी! मला.

९ जून

आज जे कळलं ते जसं कळलं तसं लिहिते. आधी एकदा लिहून फाडलं, कारण त्यात मी स्वतःची बाजू मांडत होते.

आक्का आल्या होत्या. सर तलावावर. त्या भाजी निवडत होत्या, मी कणीक मळत होते. आक्का एकदम म्हणाल्या, "बाई गं, तुझे उपकार कसे फेडू? तुझ्यामुळे वाचला माझा भाऊ."

मी म्हटलं, "मी काय केलं? मी तर काही बोललेच नाही."

"अगं, बोललीस म्हणून तर झालं! तो हट्टाला पेटला होता, नजर ठेवायची म्हणून. मी डोकं फोडलं तरी ऐकेना. मग एका रविवारी दुपारी माझ्याकडे आला, ओला-बिला, केस न पुसता. म्हणाला, आक्का, ठरलं, कापून टाकतो. मी म्हटलं, कशी अक्कल आली? तर म्हणाला, 'तिचं काही अडत नाही म्हणाली. मग कुणासाठी सांभाळून ठेवू?'" आक्कांनी देठं गोळा केली. "बरं केलंस बाई. या वयात काय करायचंय ते? जीव महत्त्वाचा."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. चहा केला, तो प्यायला नाही. 'तिची मान बघितली मी, आक्का,' असं काहीतरी म्हणाला. मला काही कळलं नाही. सैल होती म्हणे."

कणकेत पाणी जास्त झालं. मी पीठ घालत राहिले.

मी ते वाक्य सकाळपासून जुळवलं होतं. अकरा वर्षं रोज लोकांसमोर बसून मी चेहरा, आवाज, खांदे, सगळं सैल ठेवायला शिकले आहे. मन गच्च असतानासुद्धा. तो माणसाचं शरीर वाचतो आणि मी नेमकं तेच त्याच्यापासून लपवलं. तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणाला होता. त्याने नाहीच ठेवला. मानेवर ठेवला.

आक्कांना मी काही सांगितलं नाही. त्या आनंदाने गेल्या.

१४ जून

रविवार. तलाव बंद. सर "पाणी तपासायला" निघाला. मी म्हटलं, "मी येते." पोहायचे कपडे कपाटाच्या तळाशी होते, रबर विरलेलं.

तलावावर कुणी नव्हतं. सर काठावर खुर्ची टाकून बसला. मी पाण्यात उतरले. गार होतं. उथळ भागात गेले आणि म्हटलं, "सर, तरंगायचं विसरले. हात धर."

"तू नाही विसरलीस. आणि मी पाण्यात येणार नाही, माहितीये तुला."

"कुणी नाहीये इथे."

"मी आहे ना," तो म्हणाला.

मी उताणी झाले. कान पाण्याखाली गेले की स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो. छताच्या काचेतून उजेड येत होता. मी जितक्या मोठ्याने म्हणता येईल तितक्या मोठ्याने म्हटलं, कारण मला स्वतःला ऐकू येत नव्हतं, "माझं अडतं."

उत्तर ऐकू आलं नाही. उभी राहिले. तो खुर्चीवरून उठला होता.

"काय म्हणालीस?"

"तेव्हा म्हणाले होते, माझं काही अडत नाही. खोटं होतं ते. अडत होतं. फार. मला वाटत होतं तू नजर ठेवावीस. मला रविवार हवे होते. सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी ठरवशील म्हणून सांगितलं नाही."

सर काठावर खाली बसला, चप्पल काढली, पाय पाण्यात सोडले. गुडघ्यापर्यंतच.

"मग आणखी कुणासाठी ठरवणार होतो मी?" तो म्हणाला.

चिडून म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. अगदी साध्या आवाजात म्हणाला, जसं कुणी रस्ता विचारतं.

मी म्हटलं, "ऑपरेशनने तू वाचला असशील."

"असेन. डॉक्टर म्हणतात कळायला मार्ग नाही." त्याने पायाने पाणी हलवलं. "चोवीस वर्षं झाली. एकदा तरी मध्ये यायचंस, न्यायमूर्ती. एकदा."

मी त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिले. तो बाजूला झाला नाही. थोड्या वेळाने त्याचा हात माझ्या मानेवर आला. थंड नव्हता, कारण तो पाण्यात नव्हता. मी मान सैल ठेवली नाही. होती तशी ठेवली, दगडासारखी. त्याने ती चाचपली. मग त्याला रडू फुटलं. त्याला रडताना मी लेकीच्या जन्माच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आज.

"हात काढू?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

घरी आलो. जे गेलं ते परत येईल की नाही, डॉक्टर म्हणतात वर्ष-दोन वर्षं थांबा. मला खोटी आशा लिहायची नाही. तो आत्ता लेकीच्या खोलीत पडला आहे, पाय पलंगाबाहेर. मी दारातून बघून आले. 'तुला जसं सोयीचं' असं मी पुन्हा म्हणणार नाही.

उद्या: लेकीच्या खोलीतून सरची उशी परत आणायची, त्याला न विचारता.